दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (३१ जुलै, इ.स. १९०७, कोसबेन, गोवा – २९ जून, इ.स. १९६६, पुणे) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्रज्ञ, संस्कृत ग्रंथांचे संपादक आणि इतिहासकार होते. सर्वसामान्य वाचकाला ते प्रामुख्याने प्राचीन भारताच्या इतिहासाची मार्क्सवादी दृष्टीने मांडणी करणारे लेखक म्हणून परिचित आहेत. परंतु ते व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते आणि इतिहासाकडे ते नाण्यांच्या वजनांच्या अभ्यासातून आले. हजारो नाणी एकेक करून तोलणे, त्यांचे गट पाडणे, प्रत्येक गटाची सरासरी काढणे आणि ती आलेखावर मांडून तिच्यातील क्रम शोधणे या पद्धतीने त्यांनी लेखी पुराव्यांअभावी मुक्या राहिलेल्या नाण्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र आजही वापरात आहे. संख्याशास्त्रावरील याच विश्वासातून त्यांनी रीमान परिकल्पनेबाबत केलेला दावा मात्र गणितज्ञांनी मान्य केला नाही.

बालपण व शिक्षण

दामोदर कोसंबी यांचे वडील आचार्य धर्मानंद कोसंबी (इ.स. १८७६ – इ.स. १९४७) हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक होते. मराठीतील भगवान बुद्ध हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आईचे नाव बाळाबाई होते. दामोदर यांचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले. धर्मानंद हे विसुद्धिमग्ग या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात जात असत. इ.स. १९१८ मध्ये ते तेथे गेले तेव्हा दामोदर आणि त्यांची थोरली बहीण माणिक यांनाही त्यांनी सोबत नेले.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे दामोदर यांचे शालेय शिक्षण झाले. इ.स. १९२४ मध्ये त्यांनी केंब्रिज लॅटिन स्कूलमधील शिक्षण पूर्ण केले. त्यानंतर काही काळ ते भारतात होते. इ.स. १९२६ मध्ये ते हार्वर्डला परतले आणि इ.स. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. फाय बीटा कॅपा या नामांकित विद्वत्मंडळाचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. या काळात जॉर्ज बर्कहॉफ आणि नॉर्बर्ट वीनर या गणितज्ञांशी त्यांचा संबंध आला. गणिताबरोबरच त्यांनी अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या. पाली व संस्कृत यांचे संस्कार घरातच झाले होते.

बनारस, अलीगढ आणि पुणे

भारतात परतल्यावर कोसंबी यांनी बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे अध्यापन सुरू केले. इ.स. १९३० मध्ये त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इ.स. १९३१ मध्ये त्यांचा विवाह नलिनी मडगावकर यांच्याशी झाला. त्याच वर्षी फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेल यांच्या निमंत्रणावरून ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. वेल यांच्या सूचनेवरून त्यांनी तेथे थट्टेने एक निबंध लिहिला आणि त्यात बुर्बाकी या नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा उल्लेख केला. पुढे वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकोला बुर्बाकी या सामूहिक टोपणनावाने गणितावर ग्रंथमाला लिहिली. गणिताच्या शोधनिबंधात हे नाव प्रथम आले ते कोसंबी यांच्या या लेखात.

इ.स. १९३३ मध्ये कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि पुढील सुमारे बारा वर्षे त्यांनी तेथे गणित शिकवले. अवकल भूमितीतील मार्ग-अवकाशांवरील त्यांच्या संशोधनाची दखल एली कार्तान यांनी घेतली. ही शाखा पुढे कोसंबी–कार्तान–चर्न सिद्धान्त या नावाने ओळखली जाऊ लागली. इ.स. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या आरंभीच्या सदस्यांत त्यांचा समावेश होता.

संख्याशास्त्राकडे वळण

फर्ग्युसन महाविद्यालयातील काळात कोसंबी यांनी संख्याशास्त्राचा अभ्यास स्वतःच सुरू केला. केवळ सूत्रे वाचून हा विषय समजत नाही, प्रत्यक्ष आकडे हाताळावे लागतात, अशी त्यांची धारणा होती. त्यामुळे त्यांनी भोवतालच्या व्यवहारातील प्रश्न निवडले. महाविद्यालयीन परीक्षांमधील गुणांचे विश्लेषण हा त्यांपैकी एक होता. दुसरा प्रश्न प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांचा होता आणि त्याने त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवली. नाणी कोणी पाडली हे समजून घेण्यासाठी प्राचीन ग्रंथ वाचणे आवश्यक झाले, ग्रंथांसाठी संस्कृतचा सखोल अभ्यास करावा लागला आणि ग्रंथांतील समाज समजून घेण्यासाठी ते इतिहास व पुरातत्त्वाकडे वळले. संस्कृतच्या अभ्यासात त्यांना महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादक वि. सी. सुकथनकर यांचे मार्गदर्शन लाभले.

आहत नाण्यांचा अभ्यास

नाण्यांचे स्वरूप

आहत नाणी ही भारतातील सर्वांत जुन्या नाण्यांपैकी होत. चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर ठशांनी स्वतंत्र चिन्हे उमटवली जात. कार्षापण या प्रमुख प्रकाराचे प्रमाणित वजन ३२ रती, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम मानले जाते. कार्षापणाच्या दर्शनी बाजूवर साधारणतः पाच चिन्हे असतात. मागील बाजू कधी कोरी असते, तर कधी तिच्यावर एक किंवा अधिक लहान चिन्हे आढळतात. या नाण्यांवर राजाचे नाव, वर्ष किंवा कोणताही मजकूर नाही. त्यामुळे चिन्हांच्या अर्थाविषयी तर्क पुष्कळ झाले, पण कोणती नाणी आधीची व कोणती नंतरची हे ठरवण्याचे खात्रीचे साधन अभ्यासकांपाशी नव्हते.

वजन घटण्याचा नियम

कोसंबी यांनी या प्रश्नाकडे भौतिक प्रक्रिया म्हणून पाहिले. टांकसाळीतून निघालेली नाणी वजनाने जवळजवळ सारखी असतात. ती हातोहात फिरू लागली की प्रत्येक व्यवहारात धातूचा अतिसूक्ष्म अंश झिजतो. जितका काळ नाणे चलनात राहते तितकी त्याची झीज वाढते. म्हणून एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाच्या प्रमाणात कमी होत जाते. मात्र सर्व नाणी सारख्याच प्रमाणात वापरली जात नाहीत. काही नाणी रोज हाताळली जातात, तर काही गाठीला बांधून ठेवली जातात. त्यामुळे सरासरी घटत असतानाच नाण्यांच्या वजनांतील परस्पर फरक, म्हणजेच प्रचरण, वाढत जाते.

प्रत्येक वर्षीची झीज आधीच्या वर्षावर अवलंबून नाही असे मानले, तर चौपट काळात सरासरी घट चौपट होते आणि वजनांचे प्रमाण विचलन दुप्पट होते. अशा रीतीने सरासरी व विखुरणे ही दोन्ही मापे नाण्यांच्या वयाची साक्ष देतात.

हा नियम प्राचीन नाण्यांना लावण्यापूर्वी त्यांनी तो आपल्या काळातील नाण्यांवर तपासला. आधुनिक नाण्यांवर पाडल्याचे वर्ष छापलेले असते, त्यामुळे त्यांचे वय निश्चितपणे माहीत असते. कोसंबी यांनी चलनातील अशी हजारो नाणी मिळवून वर्षानुसार वेगळी केली आणि काटेकोरपणे तोलली. वर्षागणिक सरासरी वजन घटते आणि विखुरणे वाढते हे त्यांना प्रत्यक्ष आकड्यांत दिसून आले. इ.स. १९४२ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात त्यांनी चलनामुळे नाण्यांच्या वजनावर होणाऱ्या परिणामाविषयी निबंध प्रसिद्ध केला.

तक्षशिलेचा साठा

तक्षशिला येथील भीर टेकडीवर जॉन मार्शल यांच्या उत्खननात इ.स. १९२४ मध्ये हजाराहून अधिक नाण्यांचा साठा सापडला होता. त्यात आहत नाण्यांबरोबर अलेक्झांडरची दोन आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप अरिडियस याचे एक नाणे होते. ही ग्रीक नाणी फारशी झिजलेली नसल्यामुळे हा साठा इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरच्या भागात पुरला गेला असावा असे ठरवता आले. ई. एच. सी. वॉल्श यांनी या नाण्यांचे सविस्तर वर्णन इ.स. १९३९ मध्ये प्रसिद्ध केले. कोसंबी यांच्या विश्लेषणाला त्यामुळे आधार मिळाला.

त्यांनी नाण्यांचे गट दर्शनी बाजूवरून न पाडता मागील बाजूवरील चिन्हांच्या संख्येनुसार पाडले. मागे एकही चिन्ह नसलेली नाणी एका गटात, एक चिन्ह असलेली दुसऱ्या गटात, दोन चिन्हे असलेली तिसऱ्या गटात, याप्रमाणे मांडणी केली. आडव्या अक्षावर चिन्हांची संख्या आणि उभ्या अक्षावर गटाचे सरासरी वजन घेतले असता बिंदू उतरत्या सरळ रेषेच्या जवळ पडतात असे त्यांना आढळले. चिन्हे जितकी अधिक तितके नाणे हलके होते. यावरून मागील बाजूवरील चिन्हे नाणे पाडतानाची नसून चलनात असताना ठरावीक कालांतराने होणाऱ्या तपासणीची आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. व्यापारी किंवा सराफ नाण्याचा कस व वजन पाहून आपले चिन्ह उमटवत असत, असे त्यांचे मत होते. या अर्थाने नाण्याची मागील बाजू ही त्याच्या वयाची नोंदवही ठरली.

मागील चिन्हांवरून एकाच साठ्यातील नाण्यांचा पूर्वापर क्रम लागला, की त्यांच्या दर्शनी बाजूवरील चिन्हांचे गटही क्रमाने लावता येतात. या मार्गाने कोसंबी यांनी दर्शनी चिन्हांचा राजवंशांशी संबंध जोडण्याचा प्रयत्न केला. नंतरच्या काळातील नाण्यांत तांब्याचे प्रमाण वाढलेले आणि वजनातील नेमकेपणा कमी झालेला दिसतो. मौर्य काळात राज्याच्या खजिन्यावर पडलेल्या ताणाचे ते द्योतक आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

मर्यादा व मतभेद

कोसंबी यांचे सर्व निष्कर्ष नाणकशास्त्रज्ञांनी स्वीकारले नाहीत. विशिष्ट चिन्ह विशिष्ट राजाचे आहे या प्रतिपादनावर विशेष मतभेद झाले. पद्धतीच्याही काही मर्यादा आहेत. जमिनीत पुरलेल्या नाण्याचे वजन क्षारांमुळे आणि साफसफाईमुळे बदलते. साठा करणारी व्यक्ती जड नाणी निवडून ठेवत असेल तर नमुना एकांगी होतो. अधिक चिन्हे असलेली नाणी संख्येने कमी असल्यास त्या गटाची सरासरी कमी विश्वसनीय ठरते. मात्र एकट्या-दुकट्या देखण्या नाण्यापेक्षा संपूर्ण साठा महत्त्वाचा असतो आणि प्रत्येक नाण्याचे वजन नोंदवले गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह नाणकशास्त्राला नवे वळण देणारा ठरला. फेब्रुवारी १९६६ मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, त्यांनी या पद्धतीची ओळख करून देणारा लेख सायंटिफिक अमेरिकन या मासिकात लिहिला.

फलन-अवकाशातील संख्याशास्त्र

इ.स. १९४३ मध्ये कोसंबी यांनी जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नियतकालिकात फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध लिहिला. एखादी राशी काळानुसार सतत बदलत असेल, तर तिचा प्रत्येक नमुना हा एक आकडा नसून एक संपूर्ण वक्र असतो. अशा अनेक वक्रांचे पृथक्करण मोजक्या मूलभूत वक्रांत कसे करता येईल, हे त्यांनी त्यात दाखवले. काही वर्षांनंतर फिनलंडचे कारी करुनेन आणि फ्रान्सचे मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हीच कल्पना विकसित केली. पुढे ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. प्रवाहांतील खळबळ, हवामानाच्या नोंदी, प्रतिमांचे संक्षेपण आणि चेहऱ्यांची ओळख अशा अनेक क्षेत्रांत तिचा उपयोग होतो. अलीकडील लेखनात या विस्ताराचा उल्लेख करताना कोसंबी यांचे नावही जोडले जाते.

जनुकीय अंतराचे सूत्र

इ.स. १९४४ मध्ये ॲनल्स ऑफ युजेनिक्स या नियतकालिकात कोसंबी यांचा अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके पुढील पिढीत किती वेळा एकमेकांपासून वेगळी होतात, यावरून त्यांच्यातील अंतराचा अंदाज घेतला जातो. वेगळे होण्याच्या या प्रमाणाला पुनःसंयोजनाचे प्रमाण म्हणतात. अंतर कमी असताना हे प्रमाण अंतराइतकेच असते. अंतर वाढल्यावर दोन जनुकांच्या दरम्यान एकाहून अधिक अदलाबदली होऊ शकतात, त्यामुळे प्रमाण मागे पडते आणि ते अर्ध्याच्या पुढे जात नाही. म्हणून अंतर व प्रमाण यांचा आलेख आरंभी सरळ चढतो आणि पुढे वाकून ०.५ या पातळीला टेकू लागतो.

जे. बी. एस. हाल्डेन यांनी इ.स. १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र मानली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी होण्याची शक्यता घटते. कोसंबी यांनी हा परिणाम विचारात घेतला. दोन्ही सूत्रांतील फरक आकड्यांत पुढीलप्रमाणे दिसतो. पुनःसंयोजनाचे प्रमाण ०.२० असेल तर हाल्डेन यांच्या सूत्राने अंतर सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येते आणि कोसंबी यांच्या सूत्राने सुमारे २१.२ सेंटिमॉर्गन. प्रमाण ०.३० असेल तर ही अंतरे अनुक्रमे सुमारे ४५.८ आणि ३४.७ होतात. कोसंबी यांचे सूत्र वनस्पती व प्राण्यांच्या जनुकीय नकाशांसाठी आजही सर्वत्र वापरले जाते. पिकांच्या सुधारित वाणांवर काम करणाऱ्या अनेकांना कोसंबी हे नाव इतिहासकार म्हणून नव्हे, तर या सूत्रामुळे माहीत असते.

टाटा मूलभूत संशोधन संस्था

इ.स. १९४५ मध्ये होमी भाभा यांनी कोसंबी यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून निमंत्रित केले. कोसंबी यांनी पुण्यातील घर सोडले नाही. डेक्कन क्वीन या रेल्वेगाडीने ते पुणे–मुंबई प्रवास करत आणि प्रवासाचा वेळ वाचन-लेखनात घालवत. इ.स. १९४७ मध्ये त्यांना विशेष भाभा पारितोषिक देण्यात आले. इ.स. १९४८-४९ मध्ये इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड व अमेरिकेला गेले. इ.स. १९४९ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून भूमिती शिकवली. प्रिन्स्टन येथे त्यांची अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्याशी चर्चा झाली.

आकड्यांवरील त्यांचे काम या काळातही चालू होते. एस. राघवाचारी यांच्यासह त्यांनी भारतातील जन्मदर व मृत्युदर यांत ऋतूनुसार होणाऱ्या बदलांचा अभ्यास केला. त्यावरील निबंध इ.स. १९५१ व इ.स. १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. इ.स. १९५८ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्यासह पत्ते पिसल्याने त्यांचा क्रम खरोखर किती विस्कळीत होतो याची संख्याशास्त्रीय तपासणी केली. अतींद्रिय शक्तीच्या प्रयोगांत पत्ते नीट पिसले गेले असल्याचे गृहीत धरले जाई, त्यामुळे या प्रश्नाला महत्त्व होते.

रीमान परिकल्पना व त्यानंतरचा काळ

बर्नहार्ट रीमान यांनी इ.स. १८५९ मध्ये मांडलेली परिकल्पना मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित आहे आणि ती गणितातील सर्वांत प्रसिद्ध अनिर्णित प्रश्नांपैकी एक आहे. कोसंबी यांनी मूळ संख्यांकडेही नाण्यांप्रमाणेच नमुना म्हणून पाहिले. संख्यारेषेचे योग्य लांबीचे भाग पाडले तर प्रत्येक भागात येणाऱ्या मूळ संख्यांची मोजणी यादृच्छिक घटनांच्या नियमाप्रमाणे वागते, असे त्यांचे निरीक्षण होते. या आधारे इ.स. १९५९ मध्ये जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ ॲग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स या नियतकालिकातील निबंधात त्यांनी परिकल्पनेच्या सिद्धतेचा दावा केला.

हा दावा टिकला नाही. मूळ संख्या यादृच्छिक नसतात, त्या निश्चित असतात. त्यांचे वर्तन यादृच्छिक घटनांसारखे दिसते, एवढ्यावरून प्रत्येक संख्येबाबतचे विधान सिद्ध होत नाही. नाण्यांच्या बाबतीत बिंदू रेषेच्या जवळ पडणे पुरेसे होते, कारण तेथे प्रश्न संभाव्यतेचा होता. गणिती सिद्धतेत जवळ असणे पुरत नाही. या प्रकरणामुळे गणितज्ञांमध्ये कोसंबी यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. अणुऊर्जेऐवजी सौरऊर्जेचा पुरस्कार, जागतिक शांतता चळवळीतील सहभाग आणि स्पष्टवक्तेपणा यांमुळेही त्यांचे मतभेद वाढले होते. इ.स. १९६२ मध्ये संस्थेतील त्यांच्या सेवेचा करार पुढे वाढवला गेला नाही.

इतिहासलेखन व भटकंती

कोसंबी यांनी भर्तृहरीच्या नावावर असलेल्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती इ.स. १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. इ.स. १९५७ मध्ये वा. वि. गोखले यांच्यासह संपादित केलेला विद्याकराचा सुभाषितरत्नकोश हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत निघाला. ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी (इ.स. १९५६), मिथ अँड रिॲलिटी (इ.स. १९६२) आणि द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया इन हिस्टॉरिकल आउटलाइन (इ.स. १९६५) हे त्यांचे इतिहासविषयक प्रमुख ग्रंथ होत.

ग्रंथांतील पुराव्याला प्रत्यक्ष पाहणीची जोड देण्यावर त्यांचा भर होता. पुणे परिसरातील टेकड्यांवरून पायी फिरून त्यांनी सूक्ष्म पाषाणहत्यारे गोळा केली, ग्रामदेवतांची ठाणी नोंदवली आणि जुन्या वाटांचा माग घेतला. कल्याण व सोपारा या प्राचीन बंदरांतून घाटांवर जाणारे व्यापारी मार्ग आणि त्यांच्या कडेने असलेली जुन्नर, कार्ले येथील बौद्ध लेणी यांचा परस्परसंबंध त्यांच्या लेखनात महत्त्वाचा आहे. जुन्नर व कान्हेरी येथील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख आढळतात. कल्याणहून घाटांकडे फुटणाऱ्या वाटांचे महत्त्व आजच्या लोहमार्गांतही दिसते. तेथे मार्गाच्या दोन शाखा होतात. एक शाखा आंबिवली, टिटवाळा, कसारा या मार्गाने थळ घाटाकडे जाते, तर दुसरी कर्जतहून बोरघाट चढून पुण्याला पोहोचते.

आलेखपद्धती आणि आजची साधने

कोसंबी यांनी नाण्यांवर काम केले तेव्हा आकडेमोड हाताने किंवा यांत्रिक गणकावर करावी लागे आणि आलेख कागदावर रेखाटावा लागे. आज त्याच प्रकारचा आलेख ग्नूप्लॉट यासारख्या आज्ञावलीने काही ओळींत काढता येतो. ग्नूप्लॉटची पहिली आवृत्ती टॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी इ.स. १९८६ मध्ये तयार केली. ती माऊसने निवडायच्या पर्यायांऐवजी टंकलिखित आज्ञांवर चालते.

माहिती साध्या मजकूर फाइलमध्ये स्तंभांत लिहिली जाते. नाण्यांच्या उदाहरणात पहिल्या स्तंभात मागील चिन्हांची संख्या, दुसऱ्यात गटाचे सरासरी वजन आणि तिसऱ्यात त्या सरासरीची प्रमाण त्रुटी असते. # या खुणेने सुरू होणारी ओळ टीप समजून वगळली जाते, त्यामुळे माहिती कोठून घेतली याची नोंद त्याच फाइलमध्ये राहते. प्लॉट या आज्ञेने बिंदू काढले जातात. त्रुटीचा स्तंभ दिल्यास प्रत्येक बिंदूवर उभी रेघ उमटते आणि कोणता गट किती विश्वसनीय आहे हे एका दृष्टिक्षेपात समजते. फिट या आज्ञेने बिंदूंना जवळची सरळ रेषा बसवता येते. त्या वेळी रेषेच्या उताराबरोबर त्याची संभाव्य त्रुटीही दाखवली जाते.

एका बाबीकडे लक्ष देणे आवश्यक असते. अक्षांची मर्यादा सांगितली नाही तर ग्नूप्लॉट ती उपलब्ध आकड्यांवरून स्वतः ठरवते. त्यामुळे वजनातील अगदी लहान घटही आलेखात मोठ्या उतारासारखी दिसू शकते. उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर ते वाचकाला स्पष्ट दिसेल अशी अंकपट्टी व एकके देणे उचित ठरते.

सर्व आज्ञा एका फाइलमध्ये जतन केल्यास तीच फाइल पुन्हा चालवून कोणालाही तोच आलेख मिळतो. नवी नाणी सापडली तर केवळ माहितीची फाइल बदलावी लागते. हाल्डेन आणि कोसंबी यांची सूत्रे एकाच आलेखात काढून त्यांची तुलना करणे, हाही विद्यार्थ्यांसाठी सोपा सराव आहे. दोन्ही वक्र आरंभी एकमेकांवर पडतात आणि अंतर वाढू लागले की वेगळे होतात.

अखेरचा काळ व मृत्यू

इ.स. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने कोसंबी यांची मानद शास्त्रज्ञ म्हणून नियुक्ती केली आणि ते पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न झाले. इतिहास, पुरातत्त्व आणि मूळ संख्या या तिन्ही विषयांवर ते अखेरपर्यंत काम करत होते. २९ जून १९६६ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी पुण्यातील राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी (इ.स. १९३९ – इ.स. २०१५) या नामवंत समाजशास्त्रज्ञ होत्या.

वारसा

विद्यापीठ अनुदान आयोगाने इ.स. १९८० मध्ये कोसंबी यांना मरणोत्तर हरी ओम आश्रम पुरस्कार दिला. ३१ जुलै २००८ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. गोव्यात त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरवला जातो.

कोसंबी यांच्या कार्याचे मूल्यमापन दीर्घकाळ त्यांच्या इतिहासविषयक ग्रंथांपुरते मर्यादित राहिले. त्यांचे गणिती निबंध वेगवेगळ्या नियतकालिकांत विखुरलेले होते आणि इतिहासाच्या वाचकांना ते अपरिचित होते. नाण्यांच्या वजनांवरील त्यांचे काम या दोन्ही क्षेत्रांना जोडणारा दुवा आहे. लेखी पुरावा नसलेल्या काळाविषयी मत मांडताना आधी मोजमाप करावे, मोजमाप सर्वांसमोर ठेवावे आणि ज्ञात वयाच्या वस्तूंवर पद्धत तपासून मगच ती अज्ञात वयाच्या वस्तूंना लावावी, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त नाणकशास्त्रात व पुरातत्त्वात आजही उपयुक्त मानली जाते.